गच्चीवर मेंडेलचा प्रयोग: सुरकुतलेल्या वाटाण्याला आई करा

आनुवंशिकतेचे नियम मेंडेलने वाटाण्याच्या वाणांचे संकर करून शोधले. असा संकर करताना पहिला निर्णय आई (जिच्या फुलावर शेंग धरते ते झाड) कोण, हा असतो. आई सुरकुतलेल्या बियांची घ्या आणि बाप गोल बियांचा. गोलपणा प्रभावी (एकाच पालकाकडून आला तरी दिसणारा) असल्यामुळे संकर जमला तर त्याच शेंगेत गोल दाणे दिसतात. दाणे सुरकुतलेले निघाले तर फुलाला स्वतःचेच पराग लागले (स्वपरागण झाले), हे तिथेच कळते. उलट जोडी लावली तर संकर जमो वा न जमो, दाणे गोलच निघतात आणि चूक वर्षभर लपून राहते.

आईसाठी 'आर्केल' हे वाण बियाण्यांच्या दुकानात मिळते. त्याचे वाळलेले बी सुरकुतलेले आणि आतून हिरवे असते. बापासाठी इंदूरच्या सियागंज बाजारातल्या किराण्याचा सफेद वाटाणा चालतो. तो गोल आणि आतून पिवळा. आधी दहा दाणे ओल्या कापडात ठेवून उगवण तपासा. मेंडेलने 34 वाणे दोन वर्षे पारखून त्यातली 22 ठेवली होती, तेव्हा आपणही मिसळीचे दाणे वेचून टाकायलाच हवेत.

इंदुरात पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीस करा. आर्केल लवकर फुलतो, म्हणून सफेद वाटाणा दोन आठवडे आधी लावा आणि आर्केल दहा-दहा दिवसांच्या अंतराने दोन खेपांत. नुसती काळी माती कुंडीत पाणी धरून ठेवते आणि मुळे सडतात; तिच्यात वाळू आणि कंपोस्ट समप्रमाणात मिसळा. (ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांची 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेलेली कंपोस्टची रीत इथलीच.)

आता खरे नाजूक काम. वाटाण्याचे पराग फूल उमलण्याआधीच सांडतात, त्यामुळे उमललेले फूल आईच्या कामाचे नाही. पाकळ्या बाहेरच्या हिरव्या निदलांतून जेमतेम डोकावतायत अशी कळी घ्या. मोठी पाकळी आणि दोन्ही पंख मागे सारा, खालची होडीसारखी पाकळी सुईने चिरा आणि टोकदार चिमट्याने दहाही पुंकेसर (पराग धरणारे तंतू) काढा. नऊ एकत्र जोडलेले असतात, दहावा सुटा; तोच हमखास राहून जातो. परागकोश फिकट हिरवे आणि मिटलेले हवेत. पिवळी भुकटी दिसली की ती कळी सोडा. मग बापाच्या नुकत्याच उमललेल्या फुलाचे पराग कुक्षीवर (स्त्रीकेसराच्या टोकावर) टेकवा, बटर पेपरची पिशवी घाला आणि दोऱ्यावर तारीख लिहा. बऱ्याच कळ्या गळतात, म्हणून निदान वीस करा.

शेंगा झाडावरच वाळू द्या, पण तोडलेले दाणे सावलीत सुकवा. उन्हात हिरवा रंग उडून दाणा पिवळा भासतो आणि मोजणी बिघडते. पानांवर पांढरी भुरी आली की पाणी फक्त मुळाशी घाला आणि रोगट पाने काढा. कोरडे बी घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर भुंगा खातो. उन्हाळ्यात पेरू नका; वाटाण्याला हिवाळाच लागतो.

पुढच्या ऑक्टोबरला हे गोल, पिवळे दाणे पेरा. आठ-दहा झाडे तरी हवीत. या खेपेला कळ्यांना हात लावू नका, स्वपरागण होऊ द्या. फेब्रुवारीत एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेले दाणे शेजारी शेजारी बसलेले दिसतात, आणि ते पाहण्यासारखे असते.

एका शेंगेवरून गुणोत्तर काढू नका. शे-दोनशे दाणे तरी मोजा. मेंडेलला 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले मिळाले होते. अचूक 3:1 असते तर 5,493 आणि 1,831 झाले असते. प्रत्येक गटातल्या फरकाचा वर्ग अपेक्षित संख्येने भागा आणि बेरीज घ्या: इथे ती 0.26 येते. दोन गटांसाठी ही बेरीज 3.84 च्या आत असेल तर तुमचे आकडे 3:1 शी जुळतात. रंग आणि आकार एकत्र मोजायचे तर चार गट पडतात: गोल पिवळे, गोल हिरवे, सुरकुतलेले पिवळे आणि सुरकुतलेले हिरवे. मेंडेलच्या 556 दाण्यांत ते 315, 108, 101 आणि 32 होते, म्हणजे जवळपास 9:3:3:1. चार गटांसाठी मर्यादा 7.81 धरा.

शेंगेत दाटीने दबलेल्या दाण्याला एखादा खळगा पडतो. तो सुरकुतलेला नव्हे. खरी सुरकुती सर्व बाजूंनी खोल असते. तिचे कारण 1990 मध्ये सापडले: सुमारे 800 अक्षरांचा एक डीएनए तुकडा जनुकात घुसल्याने स्टार्च बनवणारे एक विकर (एन्झाइम) बिघडते. साखर शिल्लक राहते, दाणा जास्त पाणी धरतो आणि वाळताना आक्रसतो. इंदूरच्या बटल्याच्या (हिरव्या वाटाण्याच्या) कचोरीत गोड लागतो तो हाच वाटाणा.