ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलण्याआधी कनेक्टर उघडून बघा
पावसाळ्यात गाडी मध्येच बंद पडली, चेक इंजिनचा दिवा लागला, की मेकॅनिक पटकन ‘ईसीएम गेला’ म्हणून मोकळा होतो. जरा थांबा. आपल्या किनाऱ्यावरची खारी हवा आधी पिना खाते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ईसीएमचा कनेक्टर उघडा. पिनांवर हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकवा, मगच जोडा. अर्थिंगची गंजलेली टोकंही घासून घ्या. चार्ज बॅटरीला इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट हवेत.

तरीही बदलायचाच झाला, तर पार्ट नंबर अक्षरन् अक्षर जुळवा. भंगारातला स्वस्त पडतो खरा, पण इमोबिलायझरवाली (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक लॉक असलेली) गाडी कोडिंगशिवाय, म्हणजे ईसीएम त्या गाडीच्या लॉकशी जुळवून घेतल्याशिवाय, सहसा स्टार्टच होत नाही. कोडिंग कोण करून देणार, ते पैसे मोजण्याआधी विचारा.