कपाशीवर फवारा मारायचाय? आधी वीस बोंडं फोडून पाहा, आणि या चुका टाळा

ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशी छातीला लागते आणि शेजारच्या धुऱ्यावरून पंपाचा आवाज आला की आपलाही हात पंपाकडे जातो. 2017 च्या हंगामात याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. दाट, उंच पिकात शिरून मारलेला फवारा अंगावरच येत होता. त्यातली बरीचशी जोखीम टाळता येण्यासारखी होती, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात महाग चूक म्हणजे न पाहता फवारणं. गुलाबी बोंडअळी बाहेरून दिसत नाही. ती कोवळ्या बोंडात शिरली की शिरल्याचं छिद्र बुजून जातं, बोंड हिरवंगार, टवटवीत राहतं. म्हणून एकरभरात फिरून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडा आणि बांधावर बसून एकेक फोडा. दोन किंवा जास्त बोंडांत अळी वा तिचं नुकसान दिसलं, तर फवारणीची वेळ आली. त्याआधी फुलं बघा. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल दिसलं की ती डोमकळी. ती तोडून अळीसकट नष्ट करा. एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाची वडी ठेवून नर पतंग ओढणारे सापळे, लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर तोही इशाराच. पण सापळा लावून वडी बदलायचीच विसरलात, तर रिकामा सापळा पाहून उगाच निर्धास्त राहाल.

दुसरी चूक मिश्रणाची. अळीचं एक, मव्याचं एक, वर टॉनिक, असं तीन-चार डब्यांचं एकत्र करून मारायचं. लेबलवर शिफारस नसलेलं मिश्रण करू नका. त्यातून पिकाला जादा फायदा मिळेलच असं नाही, धोका मात्र फवारणाऱ्याच्या अंगावर वाढतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाची घाई केली, तर किडी खाणारे मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्कावर भागतं. डब्यावरचा त्रिकोणही पाहा: लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आपण याला ‘औषध’ म्हणतो, म्हणून हात सैल सुटतो. खरं तर ते विष आहे.

फवारताना वारा पाठीमागून येऊ द्या आणि भर उन्हात फवारू नका. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. जुना दात घासायचा ब्रश नि पाणी जवळ ठेवा. मिसळताना हातमोजे हवेतच, कारण डबा उघडताना विष सर्वात तीव्र असतं. मजुराकडून फवारणी करून घेत असाल, तर हातमोजे, मास्क, चष्मा तुम्हीच द्यायचे. त्यात कंजुषी करणं मला तरी पटत नाही. फवारणीचे कपडे घरातल्या कपड्यांत टाकू नका, ते धुणारीलाही विष लागतं.

डिसेंबरनंतर चार बोंडांच्या आशेने फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही उभं ठेवलेलं पीक, ठेवू नका. तीच पऱ्हाटी (कपाशीची उभी झाडं) पुढच्या हंगामाची अळी सांभाळते.

फवारताना डोळ्यांपुढे धूसर दिसू लागलं, दरदरून घाम आला, लाळ सुटली, मळमळ किंवा धाप लागली, तर ‘थोडं बसलो की बरं वाटेल’ म्हणू नका. लगेच शेताबाहेर या, कपडे काढून अंग साबणाने धुवा, रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. दूध, लिंबूपाणी पाजण्यात किंवा बळजबरीने उलटी काढण्यात वेळ घालवू नका. आणि दवाखान्यात जाताना विषाचा डबा लेबलसकट सोबत न्या. कोणतं विष आहे हे कळलं की डॉक्टरांना नेमके उपचार लवकर सुरू करता येतात.