उन्हाळ्यात दही-ताक जिवंत कसं ठेवायचं: पोटासाठी आन् चेहऱ्यासाठी प्रोबायोटिक

माझी पुतणी लातूरला क्लासला असते, मेसचं जेवण, रात्रीची जागरणं आन् चेहरा पिंपल्सनी भरलेला. तिनं रील बघून प्रोबायोटिकच्या कॅप्सूल मागवल्या, डबी ठेवली खिडकीत, पत्र्याच्या खोलीत, ते बी एप्रिलात. डबीवर लिहिलेलं की २५ डिग्रीच्या खाली ठेवा. दोन महिन्यांनी फोन, "काका काहून फरक पडंना?" अगं त्यातले निम्मेअर्धे जंतू खिडकीतच मेले असतील की.

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू, जे पुरेसे पोटात गेले तर तब्येतीला फायदा करतात. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) आन् डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) तज्ज्ञांनी २००१ साली केलेल्या व्याख्येचा हा सरळ अर्थ. त्यातलं "जिवंत" हेच आपल्याकडं ४२ डिग्रीत अवघड होऊन बसतंय.

पहिलं, दही लावणं. दूध उकळून कोमट होऊ द्या, बोट बुडवलं तर सहज सोसलं पाहिजे, साधारण ४० ते ४५ डिग्री. जास्त गरम दुधात विरजण टाकलं की जंतू भाजले म्हणून समजा. अर्धा लिटरला एक चमचा विरजण पुरतं, पण ताज्या दह्याचं घ्या, चार दिवसाच्या आंबटढाण दह्याचं नको. उन्हाळ्यात सगळे चुकतात ते इथंच, रात्री दूध विरजून ओट्यावर ठेवायचं आन् झोपायचं, परभणी-नांदेडकडं मे महिन्यात रात्री बी घर तापलेलंच असतंय, सकाळी बघावं तर दही फाटून वर पाणी. म्हणून विरजण निम्मं करा, संध्याकाळी लावा, चार-पाच तासात लागतंय, लागलं की लगेच फ्रीजमधी. लाईट गेली तर गाडगं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवा. हिवाळ्यात उलटं, परभणीत पारा दहाच्या खाली जातो तवा पातेलं जुन्या शालीत गुंडाळायचं आन् आठ-दहा तास हात लावायचा नाही. बुरशी किंवा गुलाबी डाग दिसला तर वरवर काढून खाऊ नका, सगळंच फेका.

घरच्या दह्यात नेमके कोणते जंतू ते घरागणिक बदलतं, म्हणून शास्त्रज्ञ त्याला काटेकोरपणे प्रोबायोटिक म्हणत नाहीत, आंबवलेलं अन्न म्हणतात. म्हणत का असेनात. अमेरिकेतल्या स्टॅनफोर्ड विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ३६ निरोगी माणसं होती, त्यातल्या ज्यांनी १० आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले त्यांच्या आतड्यात जंतूंचे प्रकार वाढले आन् रक्तातल्या सूज दाखवणाऱ्या काही खुणा कमी झाल्या. अभ्यास छोटाय, पण दही काही महाग औषध नाही.

दुसरं, शिजवू नका. कढी चवीला झकास, पण उकळली की जंतू गेले, इडलीचं बी तेच. आंबील आपण रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवून सकाळी शिजवतो, म्हणजे जिवंत काही उरत नाही, त्यापेक्षा आंबील गार होऊ द्या आन् मग वरून वाटीभर ताजं ताक घाला. मठ्ठ्याची फोडणी बी गार करून ओतायची. धपाट्यासंग दही असतंच, ते चालू द्या. कैरीचं लोणचं मात्र यात धरू नका, इतक्या मीठ-तेलात काय जिवंत राहील याचा भरवसा नाही.

तिसरं, रोज. बाहेरून गेलेले जंतू आतड्यात सहसा कायमचं बिऱ्हाड करत नाहीत, खाणं थांबलं की काही दिवसात निघून जातात. त्यांना खायला बी लागतं, ज्वारीची भाकरी, डाळी, कांदा, गवार हे त्यांचं खाद्य. सवय नसेल तर सुरुवातीला थोडा गॅस होतो, अर्ध्या वाटीपासून वाढवा.

आता चेहरा. पोट आन् कातडीचा संबंध असावा असं स्टोक्स आन् पिल्सबरी या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९३० मधीच मांडलं होतं, पण पुरावा अजून कच्चाच. एक्झिमावर (कातडी कोरडी पडून खाजते तो आजार) प्रोबायोटिक देऊन बघितलेल्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेनं २०१८ मधी आढावा घेतला तर फरक जवळपास नाहीच निघाला. पिंपल्सवर छोटे-मोठे अभ्यास आहेत, काहीत फायदा दिसतो. काहींना दुधानं पिंपल्स वाढतात, तसं वाटलं तर महिनाभर चहातलं दूध आन् गोड कमी करून बघा. दही तोंडाला फासून पिंपल्स जात नाहीत, वर नाजूक कातडी चुरचुरते. आन् जांघेत गजकर्ण झालं असेल तर ताक पिऊन जाणार नाही, मेडिकलवरनं स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब तर अजिबात लावू नका, आधी बरं वाटतं मग दुप्पट पसरतं, कातडीच्या डॉक्टरला दाखवा.

कॅप्सूल घ्यायचीच असेल तर डबीवर जंतूचं पूर्ण नाव, पुढचा नंबर किंवा अक्षरं (लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, असं) आन् एक्सपायरीपर्यंत किती जिवंत राहतील तो आकडा बघा. नुसतं "१० प्रकारचे जंतू" लिहिलं असेल तर घेऊ नका. फ्रीजमधी ठेवायची असेल तर दुकानात कुठं ठेवलेली ते विचाराच, लाजायचं काय त्यात.

सगळ्यात पक्का उपयोग अँटिबायोटिकनं होणारे जुलाब टाळायला. डोस घेतल्यावर दोन तासांनी प्रोबायोटिक घ्या, नाहीतर गोळी त्यांनाच मारते. काही कॅप्सूलमधी जंतूंऐवजी सॅकरोमायसेस बुलार्डी हे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी असते, त्याला अँटिबायोटिक काही करत नाही. केमो चालू असलेले, प्रतिकारशक्ती फार कमी असलेले आन् दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं, यांना डॉक्टरला विचारल्याशिवाय कॅप्सूल द्यायची नाही.

पुतणीला चार आठवड्यांची मुदत दिलीय, डबी आता मेसच्या मावशीच्या फ्रीजमधी आहे आन् दुपारी ताकाचा ग्लास. काहीच फरक पडला नाही तर पुढची डबी मागवायची नाही, असं ठरलंय.