विहिरीत पोहलेल्यांना समुद्रात सोबत करताना

खानदेशातून मालवण-तारकर्लीला स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणे) शिकायला जाणारे माझ्या ओळखीचे बहुतेक जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले आहेत. पाण्याची भीती त्यांना नसते, एका बुडीत तळाचा दगड काढून आणण्याइतका दम असतो, आणि दम धरण्याची हीच सवय स्कूबात धोक्याची ठरते. अशा नवख्याचा जोडीदार म्हणून उतरणाऱ्या अनुभवी डायव्हरने इतर कौशल्यांआधी त्याच्या श्वासाकडे लक्ष द्यावे, असे माझे मत झाले आहे.

बुडी मारताना आपण वरची हवा छातीत घेऊन खाली जातो. ती दाबाने आकसते आणि वर येताना मूळ आकारमानावर परत येते. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी पोहोचवणारे साधन, मात्र त्या-त्या खोलीच्या दाबाची हवा देतो. समुद्रात १० मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथे भरून घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला तर ती हवा दुप्पट जागा मागू लागते आणि फुफ्फुसाला इजा होऊ शकते. त्यासाठी दीड-दोन मीटर वर येणेही पुरेसे असते. हे वर्गात शिकवलेले असते, परंतु मास्कमध्ये पाणी शिरले की विहिरीतली सवय उफाळून येते आणि माणूस श्वास कोंडून वर झेपावतो. म्हणून जोडीदाराने हाताच्या अंतरावर राहून त्याच्या बुडबुड्यांवर नजर ठेवावी, ते थांबलेले दिसताच त्याचा दंड धरावा आणि स्वतः सावकाश श्वास सोडून दाखवावा.

यानंतर खाली जाता यावे म्हणून अंगावर बांधलेल्या शिशाच्या वजनांकडे पाहावे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे साहित्यासह १०० किलो भरणाऱ्या माणसाला तलावापेक्षा समुद्रात साधारण अडीच किलो वजन जास्त लागते. गर्दीच्या दिवसांत मात्र नवख्याने पटकन खाली जावे म्हणून याहूनही बरेच जास्त वजन बांधले जाते. मग तो तरंगते राहण्यासाठी अंगातल्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरत राहतो, उभ्याने पाय मारतो, तळाची वाळू उडवतो आणि हवा लवकर संपवतो. यावरची चाचणी सोपी आहे: पृष्ठभागावर जॅकेट रिकामे करून, नेहमीसारखा श्वास घेऊन थांबल्यावर पाणी डोळ्यांच्या पातळीशी यावे आणि श्वास सोडल्यावर माणूस हळूहळू बुडावा. श्वास थांबवण्याची मुभा आहे ती एवढ्यापुरतीच. टाकी भरलेली असताना ही चाचणी केली असेल, तर वापरल्या जाणाऱ्या हवेचे सुमारे दोन किलो वजन वाढवून घ्यावे. केवळ वजन नेमके केल्याने नवख्याची निम्मी धडपड थांबलेली मी पाहिली आहे.

कानांबाबत एवढेच सांगावे की दुखण्याची वाट न पाहता पहिल्या मीटरपासूनच नाक चिमटीत धरून हलकेच नाकातून हवा सोडल्यासारखा कानांकडे दाब द्यायचा, आणि दुखलेच तर खाली न जाता थोडे वर यायचे.

आपल्याकडचा संकोच हा यापेक्षा अवघड विषय आहे. नवखे अनुभवी माणसाला ‘भाऊ’ म्हणतात, भाऊंसमोर थंडी वाजते किंवा हवा कमी आहे असे सांगायला लाजतात, आणि मुकाट मागे पोहत राहतात. त्यामुळे किनाऱ्यावरच स्पष्ट सांगावे की अंगठा वर दाखवला की कारण न विचारता सगळे वर जातील. पाण्यात तो हवा सांगेल याची वाट न पाहता आपणच काही मिनिटांनी त्याला टाकीतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरवरचा आकडा बोटांनी दाखवायला लावावा, आणि २०० बार (दाबाचे एकक) भरलेली टाकी ५० बार शिल्लक असताना पृष्ठभागावर येईल अशा बेताने, त्याच्या हवेच्या हिशोबाने वळावे. वर येताना मिनिटाला ९ मीटरच्या आसपास वेग ठेवून ५ मीटरवर ३ मिनिटे थांबण्याची सवय त्याला आपल्याबरोबरच लागते.

मर्यादाही पाळली पाहिजे. ओपन वॉटर या सुरुवातीच्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर खोलीची आहे. आपण सोबत आहोत म्हणून नवख्याला त्याखाली नेऊ नये, आणि प्रशिक्षकाने न शिकवलेले कौशल्य समुद्रात करून पाहायला लावू नये.

परतीचा बेतही आपणच आखावा, कारण अंदमानहून विमानाने येणाऱ्यांना अनेक डाइव्हनंतर, अंगात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबाच्या हवेत बुडबुडे होऊन त्रास देऊ नये म्हणून, उड्डाणाआधी किमान १८ तास थांबायचे माहीत असते, पण मालवणहून गाडीने निघणाऱ्यांच्या ते ध्यानात येत नाही. आंबोलीचा घाट सुमारे ७०० मीटर उंचीवर नेतो आणि तिथेही हवेचा दाब कमी होतो, म्हणून शेवटचा दिवस कोरडा ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावची वाट धरावी.