सिकलसेलसाठी सार्वजनिक निधी मागताना: तपासणीनंतरच्या कामाचे अंदाजपत्रक कसे मांडावे

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची जनजागृती आणि रुग्णांसाठी साहाय्य सेवा यांकरिता लिहिले जाणारे बहुतेक प्रस्ताव शिबिरांच्या संख्येवर उभे असतात. शिबिर मोजता येते, त्याची छायाचित्रे जोडता येतात आणि आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी ते उरकताही येते, त्यामुळे निधी देणाऱ्यालाही ते सोयीचे वाटते. आजार मात्र जन्मभराचा आहे. म्हणून प्रस्ताव लिहिणाऱ्याने पहिल्या मसुद्यापासून एक प्रश्न समोर ठेवावा: ज्याच्या हाती ‘एएस’ (वाहक, म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेला) किंवा ‘एसएस’ (रुग्ण, म्हणजे ते दोन्ही पालकांकडून आलेला) असा अहवाल पडेल, त्याच्याशी कोण बोलणार आणि त्या बोलणाऱ्याचे मानधन कोणत्या शीर्षाखाली धरले आहे?

निधीचा शोध आरोग्य खात्यापासून सुरू होतो, पण तो तेथेच संपवू नये. अमेरिकेत 1972 मध्ये सिकलसेल नियंत्रणासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कायदा झाला आणि तपासणी, समुपदेशन, लोकशिक्षण व संशोधन यांसाठी त्यातून निधीची वाट खुली झाली. भारतात 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. 40 वर्षांपर्यंतच्या सुमारे 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. त्याच भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेलचा समावेश आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की तपासणीचा खर्च एका खात्याकडून आणि शिक्षण, प्रवास, उपजीविका यांचे साहाय्य दुसऱ्याच खात्याकडून मागावे लागू शकते. नवजात बालकांची तपासणी, माता-बाल आरोग्य, शालेय आरोग्य, दिव्यांग कल्याण आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या योजना एकत्र वाचून कोणता खर्च कोठे बसतो, याचा तक्ता आधी करावा. संशोधनासाठीच्या निधीतून मात्र समुपदेशकाचे मानधन निघेल, अशी आशा सहसा धरू नये.

योजनेची सूचना वाचताना पात्रतेच्या अटींइतकेच लक्ष रक्कम कधी मिळणार याकडे द्यावे. काही योजनांत आगाऊ हप्ता मिळतो, तर काहींत संस्थेने आधी खर्च करायचा आणि पावत्या दाखवून प्रतिपूर्ती घ्यायची असते. गाठीशी तीन-चार महिन्यांचा खर्च नसलेल्या लहान संस्थेने दुसऱ्या प्रकारच्या योजनेत एकटीने उतरणे धोक्याचे आहे. अशा वेळी मोठ्या रुग्णालयाला किंवा विद्यापीठाला मुख्य अर्जदार करून स्वतः सहयोगी राहणे अधिक शहाणपणाचे असते, मग श्रेय थोडे वाटून घ्यावे लागले तरी चालेल.

गरज सिद्ध करताना वाहक आणि रुग्ण यांचे आकडे कधीही एकत्र करू नयेत. दोघांना मिळून ‘सिकलसेलग्रस्त’ म्हटले की आकडा मोठा दिसतो, परंतु जाणकार परीक्षकाचा विश्वास तेथेच उडतो. वाहकाला एरवी त्रास नसतो. त्याला माहितीची गरज असते. रुग्णाला उपचार, औषध आणि आधार यांची गरज असते. ज्या भागासाठी निधी मागायचा, तेथील रुग्णालयात वर्षभरात किती रुग्ण दाखल झाले, त्यांतील किती पुन्हा आले आणि सर्वांत जवळचे उपचार केंद्र किती अंतरावर आहे, हे तीन आकडे लांबलचक प्रास्ताविकापेक्षा जास्त काम करतात.

आता खर्चाचा हिशेब पाहू, कारण प्रस्तावाचा कस येथेच लागतो. समजा, दर दहा जणांमागे साधारण एक वाहक असलेल्या समाजात 10,000 जणांची तपासणी करायची आहे. तेथे सुमारे 1,000 वाहक सापडतील आणि आनुवंशिकतेच्या गणिताने 25 ते 30 रुग्ण असण्याची शक्यता राहील. बालपणीच दगावलेल्यांमुळे प्रत्यक्ष आकडा कमी भरू शकतो. शिबिरात वापरली जाणारी विद्राव्यता चाचणी (रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही, एवढेच सांगणारी) स्वस्त असली तरी ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही, आणि सहा महिन्यांखालील बाळांत तिच्यावर विसंबता येत नाही. त्यामुळे त्या हजारभर लोकांसाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी धरावीच लागते. पुढे प्रत्येक वाहकाला समुपदेशनासाठी अर्धा तास दिला तरी 500 तास होतात. समुपदेशक दिवसाला चार तास प्रत्यक्ष बोलू शकतो असे मानले (प्रवास, नोंदी आणि न सापडणारी माणसे यांत उरलेला दिवस जातो), तर एका माणसाचे 125 कामाचे दिवस लागतात. त्यात जोडीदार आणि भावंडे यांची तपासणी अजून आलेली नाही. हा हिशेब प्रस्तावात जसाच्या तसा मांडावा. ‘समुपदेशन : एकरकमी’ अशी ओळ पहिल्याच कपातीत जाते, तासांच्या हिशेबाने आलेली ओळ कापताना अधिकाऱ्याला कारण द्यावे लागते.

जनजागृतीचा मजकूर ठरवताना अमेरिकेतील 1970 च्या दशकाचा अनुभव जरूर आठवावा. तेथे अनेक राज्यांनी घाईघाईने सक्तीची तपासणी लागू केली, काही कायद्यांत वाहक आणि रुग्ण यांचा घोळ झाला आणि निरोगी वाहकांना नोकरी व विम्याच्या बाबतीत भेदभाव सोसावा लागला. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीची दारे वाहकांना 1981 पर्यंत बंद होती. हा आजार रेणूच्या पातळीवरील दोषातून उद्भवतो हे 1949 मध्ये दाखवून देणारे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी तर 1968 मध्ये वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवावी, असे सुचवले होते. थोर बुद्धीलाही येथे भान राहिले नाही, एवढे लक्षात घ्यावे. म्हणून तपासणीपूर्वी संमती, निकाल एकांतात सांगण्याची व्यवस्था, आणि नोंदवही कोणाच्या ताब्यात राहील याचा नियम हे तीनही मुद्दे प्रस्तावात स्पष्ट लिहावेत. ‘लग्नाआधी पत्रिका नको, रक्त जुळवा’ अशा धर्तीच्या घोषणा आकर्षक वाटतात, परंतु त्यांचा भार बहुधा मुलींवरच पडतो. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि दोन्हींपासून मुक्त असण्याची 25 टक्के असते, एवढे नीट समजावून निर्णय त्या दोघांवर सोडणारा मजकूर अधिक टिकाऊ असतो.

साहाय्य सेवांच्या शीर्षांत सर्वाधिक दुर्लक्षित बाब म्हणजे प्रवासखर्च. वेदनेचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध मोफत मिळाले तरी ते घेणाऱ्याचे रक्त ठरावीक काळाने तपासावे लागते, आणि त्यासाठी रुग्ण व सोबतचा माणूस दोघांचीही दिवसाची मजुरी बुडते. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन देत राहायचे, तर घरी आठवण करून देणारे कोणीतरी लागते; हे काम स्वतः रुग्ण असलेला किंवा रुग्णाचा पालक असलेला प्रशिक्षित कार्यकर्ता चांगले करतो, पण त्याला ‘स्वयंसेवक’ म्हणून फुकट राबवू नये. दोन कागदांना मात्र फारसा खर्च येत नाही. पहिला उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सहीचा: वेदनेचा झटका आला असता कोणते औषध किती मात्रेत द्यावे, हे त्यात लिहिलेले असते, म्हणजे रात्री अनोळखी रुग्णालयात पोचलेल्या रुग्णाकडे औषधाच्या व्यसनाच्या संशयाने पाहिले जात नाही. दुसरा शाळेसाठी: मुलाला वारंवार पाणी पिऊ द्यावे, लघवीला जाऊ द्यावे, थंडीत भिजू देऊ नये आणि झटक्यामुळे बुडालेला अभ्यास भरून द्यावा, एवढेच त्यात असते.

फलनिष्पत्ती लिहिताना ‘10,000 जणांची तपासणी’ हे वाक्य असू द्यावे, पण त्याखाली ‘पुष्टी झालेल्या प्रत्येक रुग्णाची उपचार केंद्रात 30 दिवसांच्या आत नोंदणी’ आणि ‘नोंदणी झालेल्यांपैकी वर्षअखेरीस उपचारांत टिकून असलेल्यांचे प्रमाण’ अशी वाक्ये घालावीत. हा शेवटचा आकडा गाठणे कठीण असते, म्हणून तो फुगवून लिहू नये. उपचार केंद्राचे लेखी संमतिपत्र सोबत असावे; त्यात केवळ शुभेच्छा नसाव्यात, तर आठवड्यातील कोणत्या दिवशी किती रुग्ण पाहिले जातील हे नमूद असावे.

शेवटचे पान निधी संपल्यानंतरच्या व्यवस्थेचे असते आणि ते बहुधा घाईत लिहिले जाते. तेथे ‘लोकसहभागातून उपक्रम चालू राहील’ असे मोघम विधान टाळावे. नोंदवही संमतीसह कोणत्या सरकारी केंद्राकडे जाईल, कोणती पदे नियमित यंत्रणेत सामावून घेण्याची मागणी केव्हा केली जाईल, आणि पुढील मंजुरीला उशीर झाला तर निदान औषधपुरवठा आणि पाठपुरावा सहा महिने कोणत्या रकमेतून चालेल, हे तारखांसह लिहावे.