कालवाने पाय कापला तर काय करायचं
पावसाळा संपला की गोव्यात मोरजीच्या खडकांवर कालवं (खडकाला चिकटलेले धारदार शिंपले) काढायला जाणारे बरेच, आणि पाय कापून घेणारेही बरेच (मी त्यातलाच). आधी स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, दहा मिनिटं, मधेमधे उचलून बघू नका, नाहीतर प्लेटलेट्सनी (रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशींनी) लावलेलं बूच निघतं. मग नळाच्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवा, आत शिंपल्याचा तुकडा राहिला तर जखम भरतच नाही. हळद, कॉफीपूड वगैरे नको, आजी कितीही म्हणाली तरी.

थोड्या वेळाने जागा लाल, गरम होते, सुजते, ठणकते, ते घाबरण्यासारखं नाही, रक्तवाहिन्या सैल होऊन पांढऱ्या पेशी तिथे पोचतायत, आधी न्यूट्रोफिल्स, मग एकदोन दिवसांनी मॅक्रोफेज येऊन सगळा कचरा खातात. पण तिसऱ्या दिवशी सूज वाढतच असेल, पू, ताप किंवा वर चढणारी लाल रेघ दिसली तर सरळ डॉक्टर गाठा, डायबिटीसवाल्यांनी तर पहिल्याच दिवशी. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन 5 वर्षं झाली असतील तर अशा घाणेरड्या जखमेला परत घ्यावं लागतं. खपली मात्र खाजवू नका, माझी दोनदा निघाली आणि डाग अजून आहे.