पाण्यातलं शिसं मोजण्यासाठी नॅनोट्यूबचा इलेक्ट्रोड

३ मिमी व्यासाचा ग्लासी कार्बन (काचेसारखा गुळगुळीत कार्बन) इलेक्ट्रोड ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉन अॅल्युमिनावर इंग्रजी आठच्या आकारात घासा. मग इथेनॉल आणि शुद्ध पाण्यात दोन-दोन मिनिटं सोनिकेट करा (अतिध्वनी लहरींनी हलवा). फेरिसायनाइडच्या द्रावणात व्होल्टेज पुढे-मागे फिरवून पाहा; प्रवाहाच्या दोन शिखरांतलं अंतर १०० मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर पुन्हा घासा. ही तपासणी नॅनोट्यूब आणि नाफियॉन (ऋणभारित पॉलिमर) यांचा लेप देण्याआधीच करायची. नंतर नाफियॉनचा ऋणभार फेरिसायनाइडला दूर लोटतो.

०.५ टक्के नाफियॉनच्या इथेनॉल द्रावणात मिलिलिटरला १ मिग्रॅ बहुभित्ती कार्बन नॅनोट्यूब घालून अर्धा तास सोनिकेट करा. इलेक्ट्रोडवर ५ मायक्रोलिटर थेंब ठेवून झाकणाखाली हळू वाळवा. घाईने हेअर ड्रायर लावलात की नॅनोट्यूब कडेला कड्यासारख्या साचतात आणि प्रत्येक इलेक्ट्रोड वेगळा आकडा देतो.

मोजणीसाठी पाण्याचा नमुना ०.१ मोलर अॅसिटेट बफरमध्ये, पीएच ४.५, त्यात ४०० पीपीबी (अब्जात इतके भाग) बिस्मथ, जे शिशासोबत इलेक्ट्रोडवर साचतं. ढवळत −१.२ व्होल्टवर १२० सेकंद, १० सेकंद विश्रांती, मग स्क्वेअर वेव्ह स्कॅन (पायऱ्या-पायऱ्यांनी व्होल्टेज वाढवत साचलेला धातू पुन्हा विरघळवून प्रवाह मोजणं). शिशाचं शिखर −०.५५ व्होल्टच्या आसपास येतं (सिल्व्हर क्लोराइड संदर्भाने). पाण्यात तांबं असेल तर हे शिखर दबतं, म्हणून प्रमाण-भर पद्धतच (त्याच नमुन्यात माहीत असलेलं शिसं घालून पुन्हा मोजणं) वापरा. पुढच्या स्कॅनआधी +०.३ व्होल्टवर मिनिटभर ढवळत ठेवा, नाहीतर आधीचं बिस्मथ उरतं.

काचसामान १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवलेलं हवं. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादाच १० पीपीबी आहे, म्हणून काचेवरचं थोडं शिसंही आकडा बिघडवतं.